संडास साफ करू द्या म्हणून तुरुंगात अन्नत्याग: 'कोकणचे गांधी' अप्पासाहेब पटवर्धन कोण होते?

तुरुंगात कुणी उपोषणाला बसलं की आपण लगेच कारणांचा अंदाज बांधतो. जेवण निकृष्ट असेल, मारहाण झाली असेल, घरची पत्रं अडवली असतील. १९३२ च्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगात एका राजकीय कैद्याने अन्न नाकारलं. त्याचं कारण यातलं एकही नव्हतं.

त्याला तुरुंगातले संडास साफ करायचे होते. आणि सरकार ते करू देत नव्हतं.

हा कैदी पुण्यात प्राध्यापकी केलेला, जातीने ब्राह्मण. नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. कोकणात सगळे त्यांना अप्पासाहेब म्हणत. प्रकरण इतकं वाढलं की येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण सुरू केलं आणि सरकारला आपला नियम पुन्हा तपासावा लागला.

रत्नागिरीजवळच्या आमच्या पालीतून तीन दिशांना रस्ते फुटतात. एक हातखंब्यावरून रत्नागिरीला जातो. दुसरा साखरपा करून आंबा घाट चढतो आणि कोल्हापूर गाठतो. तिसरा लांजा, राजापूर करत कणकवलीला पोहोचतो. पहिल्या रस्त्याच्या टोकाला तो तुरुंग आहे. तिसऱ्या रस्त्यावर, कणकवलीजवळ, अप्पासाहेबांनी उभा केलेला गोपुरी आश्रम आहे. गणपतीला आणि शिमग्याला हजारो गाड्या इथून जातात. त्या तुरुंगापासून या आश्रमापर्यंतचा प्रवास नेमका कसा झाला, ते समजून घेऊया.

तेव्हाचं कोकण कसं होतं?

पहिलं महायुद्ध संपलं १९१८ ला आणि दुसरं सुरू झालं १९३९ ला. अप्पासाहेबांच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली वर्षं याच दोन युद्धांच्या मधली आहेत.

तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा खूप मोठा होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. त्याआधी मंडणगडपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा एकाच जिल्ह्यात होता. सावंतवाडीचं संस्थान तेवढं वेगळं.

रेल्वे नव्हती. मुंबईला जायचं तर आगबोट. घरटी एखादा तरी माणूस मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा पोलिसात. गावाचं अर्थकारण मनिऑर्डरवर चालायचं. पोस्टमन आला नाही तर वाण्याची उधारी वाढायची.

गावात जमीन होती, पण ती कसणाऱ्याची नव्हती. इथे खोती पद्धत होती. खोत म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्या मधला माणूस. तो सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून धान्य घ्यायचा. भाताच्या पिकाचा अर्धा वाटा खोताचा, त्याला अर्धेल म्हणत. नाचणी-वरीसारख्या डोंगरी पिकाचा तिसरा हिस्सा, ते तिर्धेल. त्यावर वेठबिगार वेगळी.

आणि या सगळ्याखाली जात होती. कुणी कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं, कुणी देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत यायचं आणि कुणी कुठलं काम करायचं, हे जन्मालाच ठरायचं. गावात गुरं मेलं की ते ओढून न्यायचं काम महारांचं. शहरात टोपलीचे संडास असत. घराच्या मागच्या बोळातून येऊन ती मैल्याची टोपली उचलणारा माणूसही जातीनेच ठरलेला.

एकाच जिल्ह्यात तीन वेगळे रस्ते

या काळात रत्नागिरी जिल्ह्यात जातीच्या प्रश्नावर एकाच वेळी बरंच काही चाललं होतं.

विनायक दामोदर सावरकर जानेवारी १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घ्यायला बंदी होती. त्यांनी सहभोजनं, शाळेत सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र बसणं, देवळात सर्वांना प्रवेश असे विषय हाती घेतले. भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभं राहिलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. मार्च १९२७ मध्ये शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाणी हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, असा त्याचा अर्थ होता. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तेव्हा मुंबई प्रांताचा कारभार बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाकडे होता. खेरांचा जन्मही रत्नागिरीचाच. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती कायद्याने संपायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला.

तिसरा रस्ता अप्पासाहेबांचा. त्यांनी देवळापासून किंवा पाण्यापासून सुरुवात केली नाही. त्यांनी हातात घेतलं काम. ज्या कामामुळे माणसाला अस्पृश्य ठरवलं जातं, तेच काम.

प्राध्यापकाने नोकरी का सोडली?

अप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ चा, रत्नागिरीजवळच्या आगरगुळ्याचा. हुशार विद्यार्थी. तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि पुण्यात प्राध्यापकीही सुरू झाली. त्या काळात कोकणातल्या घराला याहून मोठं स्वप्न नसायचं. मुलगा पुण्यात कॉलेजात शिकवतो म्हटल्यावर घरच्यांना आणखी काय हवं?

पण देशातली हवा बदलत होती. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळकांचं निधन झालं. टिळकही रत्नागिरीचेच. त्याच वेळी गांधीजींची असहकाराची चळवळ सुरू झाली. सरकारी शाळा-कॉलेजं सोडा, कोर्टं सोडा, खादी वापरा, असा कार्यक्रम होता. महाराष्ट्रातल्या शिकलेल्या वर्गात टिळकांना मानणारे बरेच लोक गांधीजींकडे संशयाने बघत होते. सूतकताईने राज्य कसं मिळणार, असा त्यांचा प्रश्न होता.

अप्पासाहेब गांधीजींकडे गेले. त्यांच्या आश्रमात राहिले, तिथली कामं केली. गांधींच्या आश्रमात संडास साफ करायला वेगळा माणूस नसायचा. आश्रमात राहणाऱ्या प्रत्येकावर ही पाळी येई. प्राध्यापक असो की वकील, सूट नाही.

गांधीजींच्या गुजराती आत्मकथेचा मराठी अनुवाद अप्पासाहेबांनी केलेला आहे. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी गांधी वाचले ते अप्पासाहेबांच्या शब्दांत. पण अनुवादकाचं नाव बघायची आपल्याला सवय नसते, त्यामुळे हे अनेकांना माहीत नसतं.

पुढे ते पुण्याला न राहता कोकणात परतले. खादी, शिक्षण आणि अस्पृश्यता निवारण हे त्यांचं काम झालं. लिहायला एका ओळीत सोपं आहे. पण ज्या गावात सगळे तुम्हाला आणि तुमच्या घराण्याला ओळखतात, तिथे शिवाशिव मोडायची म्हणजे रोज कुणाच्या तरी ओटीवरून परत फिरायचं.

शिरोड्याचं मीठ

१९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. महाराष्ट्रात मीठ कुठे उचलायचं? कोकणाच्या किनाऱ्यावर मिठागरं होतीच. त्यातलं एक ठिकाण ठरलं वेंगुर्ल्याजवळचं शिरोडा.

शिरोडा तेव्हा एक लहान गाव. वि. स. खांडेकर तेव्हा तिथल्या शाळेत शिक्षक होते. या गावाने मे १९३० मध्ये महाराष्ट्रातल्या मिठाच्या सत्याग्रहाचं एक मोठं केंद्र बनलेलं पाहिलं. ठिकठिकाणचे स्वयंसेवक इथे जमले. मिठागरात शिरायचं, मीठ उचलायचं, पोलिसांच्या लाठ्या खायच्या, अटक करून घ्यायची. या सत्याग्रहात अप्पासाहेब पुढे होते.

मीठ हा मुद्दा कोकणाला समजावून सांगावा लागला नाही. समुद्र दारात आणि त्याच्या पाण्यापासून तयार होणाऱ्या मिठावर कर सरकारचा. सुकी मासळी करायची तर मीठ लागणारच. त्यामुळे काँग्रेस म्हणजे पुण्या-मुंबईच्या वकिलांचा कारभार, असं ज्यांना वाटायचं त्यांनाही हा सत्याग्रह आपला वाटला.

१९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. गोलमेज परिषदेहून गांधीजी रिकाम्या हाताने परतले आणि जानेवारी १९३२ पासून सरकारने पुन्हा धरपकड सुरू केली. तुरुंग भरले. अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात पोहोचले.

तुरुंगात नेमकं काय झालं?

इथे तेव्हाच्या तुरुंगाचा एक नियम समजून घ्यायला हवा.

तुरुंगात कैद्यांना कामं वाटून दिली जात. दळण, दोरखंड, बागकाम, स्वयंपाक, झाडलोट. आपल्याला वाटेल की आत सगळे कैदी सारखेच. पण तसं नव्हतं. बाहेर गावात जी जातीची उतरंड होती, तीच तुरुंगाच्या नियमपुस्तकातही आली होती. स्वयंपाक वरच्या मानलेल्या जातीच्या कैद्याकडे. संडास आणि मैला उचलण्याचं काम ठरावीक जातींच्या कैद्यांकडे. एखादा माणूस चोरीसाठी आत आलेला असो वा मारामारीसाठी, त्याची जात ही काम त्या नियमानेच ठरवायची.

इंग्रज सरकारचं म्हणणं असं असायचं की आम्ही लोकांच्या धर्मात आणि चालीरीतींत ढवळाढवळ करत नाही. वरच्या जातीच्या कैद्याला मैला उचलायला लावला तर त्याचा धर्म बुडेल, बाहेर गोंधळ होईल. म्हणून त्यांना ते काम द्यायचंच नाही. पण ज्याला ते काम द्यायचं, त्याच्या मनाला काय वाटतं, हा विचार नियम करणाऱ्यांनी केला नव्हता.

अप्पासाहेबांनी मागणी केली की मला संडास सफाईचं काम द्या. मी स्वेच्छेने मागतोय, कुणी जबरदस्ती केलेली नाही. अधिकाऱ्यांचं उत्तर नाही असं होतं. तुमची जात त्या कामाची नाही.

अप्पासाहेबांनी जिथे बोट ठेवलं ती जागा नीट बघा. सक्तीने वरच्या जातीच्या माणसाला हे काम देऊ नये, हे एक वेळ समजू शकतं. पण स्वतःहून मागणाऱ्यालाही ते द्यायचं नाही, याचा अर्थ सरकारच ठरवतंय की हे काम अमुक जातीचंच आहे. म्हणजे अस्पृश्यता फक्त समाजात नाही, ती सरकारी नियमात लिहिलेली आहे.

विनंत्या करून काही होईना, तेव्हा त्यांनी अन्न नाकारायचं हत्यार काढलं.

येरवड्याहून आलेली साथ

ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींपर्यंत पोहोचली.

वेळ नाजूक होती. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात प्राणांतिक उपोषण सुरू केलं होतं. त्या दबावाखाली २४ सप्टेंबरला आंबेडकर आणि सवर्ण हिंदू नेते यांच्यात पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. या उपोषणाने आंबेडकरांची कोंडी केली, असं अनेकांचं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. करारानंतर गांधीजींनी अस्पृश्यता संपवण्याचं काम हाती घेतलं होतं आणि तुरुंगातून त्यासाठी पत्रव्यवहार करायची मुभा त्यांना मिळाली होती.

म्हणजे सवर्ण हिंदूंनी आता शब्द पाळायचा होता. आणि रत्नागिरीत एक सवर्ण कैदी तो स्वतःच्या हाताने पाळायला निघाला, तर सरकार आडवं येत होतं. गांधीजींनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार केला. समाधान झालं नाही, तेव्हा ३ डिसेंबर १९३२ ला त्यांनी अप्पासाहेबांच्या मागणीसाठी उपोषण सुरू केलं.

सप्टेंबरचं उपोषण सरकारच्या आठवणीत ताजं होतं. दुसऱ्या दिवशी या प्रश्नाचा विचार करू असं आश्वासन मिळालं आणि उपोषण थांबलं. त्यानंतर लवकरच स्वेच्छेने सफाईचं काम मागणाऱ्या सवर्ण कैद्यांना ते करू देण्याचा निर्णय झाला.

रत्नागिरीच्या तुरुंगातल्या एका कैद्याच्या हट्टापायी थेट वरच्या पातळीवर नियमाचा विचार करावा लागला होता.

पण याने जात गेली का?

इथे थांबून एक अवघड प्रश्न विचारायला हवा. एका ब्राह्मण माणसाने संडास साफ केला म्हणून ज्यांच्या पिढ्यानपिढ्या त्या कामात गेल्या त्यांचं काय बदललं?

अप्पासाहेब ते काम मागू शकत होते, म्हणजेच ते नको असेल तर सोडूही शकत होते. त्याच तुरुंगात, त्याच नियमाखाली, ज्याच्या वाट्याला ते जातीने आलं होतं त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. नव्या निर्णयाने वरच्यांना स्वेच्छेने खाली यायची परवानगी मिळाली. खालच्यांना त्या कामातून सुटायची परवानगी त्यात नव्हती.

बाबासाहेबांचा विचार याच जागेवरून वेगळा होता. महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं होतं की मेलेली गुरं ओढणं सोडा, मृतमांस खाणं सोडा, शिका आणि स्वाभिमानाने जगा. ज्या कामाने माणसाला हीन ठरवलं, त्याला सेवा म्हणून मोठेपणा देणं त्यांना मान्य नव्हतं. मैला उचलण्याला पवित्र कार्य म्हटल्याने उचलणाऱ्याचं भलं होत नाही, हा त्यांचा आक्षेप होता.

दोन्ही बाजू एकमेकांसमोर ठेवल्या की अप्पासाहेबांचं पुढचं आयुष्य जास्त नीट समजतं. कारण कोकणातल्या गावांत खरंच तो प्रसंग आला. महारांनी मेलेली गुरं ओढायला नकार दिला. गावकरी चिडले. कुठे बहिष्कार, कुठे दमदाटी. काम सोडणाऱ्याने सोडलं, ते त्याच्या हक्काचंच होतं. मग गोठ्यात मेलेलं गुरं कोण उचलणार?

अप्पासाहेबांचं उत्तर साधं होतं. ज्याचं गुरं आहे त्याने उचलावं. आणि त्याला जमत नसेल तर आधी मी करून दाखवतो.

गोपुरीत नेमकं काय चालायचं?

अप्पासाहेब मेलेल्या जनावरांची कातडी सोलायला शिकले. हे काम त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. कोकणातल्या ब्राह्मण घरांना हा केवढा धक्का असेल याची कल्पना करा. संडास साफ करणं निदान गांधीजींच्या नावावर तरी खपून जायचं. पण गाईचं कातडं सोलणारा ब्राह्मण?

त्यांचा हिशेब रोखठोक होता. गाय पवित्र आहे म्हणता, मग ती मेल्यावर तिचं शरीर दुसऱ्याने ओढावं आणि ओढणाऱ्याला तुम्ही शिवू नये, हे कसं? शिवाय कातडं, हाडं, मांस हे सगळं माती होऊ देणं म्हणजे गरीब कोकणाने स्वतःचाच पैसा पुरणं. कातड्याचे जोडे होतात, हाडांचं खत होतं.

१९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा राहिला. तिथे चर्मोद्योग, खत, सफाई आणि खादीचे प्रयोग सुरू झाले. आश्रम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर भजन येतं. इथे कातडं कमावण्याचे हौद होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग झाला संडासाचा.

संडासच बदलला तर?

मैला उचलायला माणूस लागतो, कारण संडासाची रचनाच तशी आहे. खाली टोपली ठेवली की ती भरणार. भरली की ती कुणीतरी उचलणार. मग जात आणा, पगार आणा, उपदेश आणा, टोपली काही स्वतःहून रिकामी होत नाही.

म्हणून अप्पासाहेबांनी टोपलीच काढून टाकायचा मार्ग शोधला. गोपुरी संडासाची कल्पना थोडक्यात अशी. दोन कप्पे करायचे. एक वापरायचा. दर वेळी वर माती, पालापाचोळा टाकायचा. तो भरला की झाकून ठेवायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं खत झालेलं असतं. त्याला वास नसतो आणि ते शेतात टाकता येतं. म्हणजे ताजा मैला कुणालाच हाताळावा लागत नाही. पाणी कमी लागतं, गटार लागत नाही, आणि खेड्यात मिळणाऱ्या सामानात हे काम होतं.

मैला आणि शेणापासून गॅस तयार करण्यावरही त्यांनी काम केलं. स्वातंत्र्यानंतर मैला उचलण्यातून माणसांना सोडवण्याची जी मोहीम झाली, तिला तेव्हा भंगीमुक्ती असं नाव होतं. तो शब्द आज अपमानकारक मानला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्या मोहिमेचं तंत्र ज्यांनी घडवलं, त्यांच्यात अप्पासाहेबांचं नाव घ्यावंच लागतं.

हे काम त्यांच्याबरोबर संपलं नाही. पुण्याजवळ देहूला डॉ. एस. व्ही. मापुसकर सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर होते. गाव उघड्यावर जायचं आणि रोगराई हटत नव्हती. त्यांनी संडास आणि मैल्यापासून गॅस या विषयाला आयुष्य वाहून घेतलं. अप्पासाहेब त्यांची प्रेरणा होते. मापुसकरांनी उभ्या केलेल्या संस्थेचं नावच अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन आहे. २०१७ मध्ये डॉ. मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

बाबासाहेबांचा आक्षेप आणि अप्पासाहेबांचा संडास शेजारी ठेवून बघा. सुरुवातीला अप्पासाहेब ते काम वाटून घ्यायला निघाले होते. शेवटी ते काम कुणालाच करावं लागू नये, इथपर्यंत पोहोचले.

शेवटची वर्षं

स्वातंत्र्यानंतर अप्पासाहेब मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत. त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेले कित्येक जण पुढे आमदार, खासदार झाले. हे गोपुरीत राहिले. विनोबांच्या भूदानाच्या कामात होते. व्याजावर जगणं हे फुकट खाणं आहे असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्यावर ते सतत लिहीत-बोलत राहिले. सगळ्यांना ते पटायचं असं नाही. ज्यांना पटायचं नाही त्यांच्याशी ते वाद घालत. 'माझी जीवनयात्रा' या नावाने त्यांचं आत्मचरित्र आहे.

१० मार्च १९७१ ला त्यांचं निधन झालं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, कोकण रेल्वे नव्हती. आज दोन्ही आहेत. खोती नाही, टोपलीचे संडास कायद्याने बंद आहेत.

मग ही गोष्ट आज का सांगायची?

कारण अप्पासाहेबांनी ज्या नियमावर बोट ठेवलं होतं, तो १९३२ मध्ये संपला नाही.

१९५० मध्ये राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये आला, त्याहून कडक कायदा २०१३ मध्ये. पण देशातल्या अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीनुसार कामं वाटण्याची कलमं तशीच राहिली. झाडू आणि संडास ठरावीक जातींना, स्वयंपाक वरच्या जातींना. पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उघड केलं आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल लागला. तुरुंगात जातीवर आधारित काम देणारी कलमं घटनाविरोधी आहेत, असं न्यायालयाने सांगितलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला.

रत्नागिरीतल्या अन्नत्यागापासून या निकालापर्यंत साधारण ९२ वर्षं गेली. आणि या निकालात ती गोष्ट आहे जी १९३२ च्या निर्णयात नव्हती. आता जातीमुळे वाट्याला आलेलं काम नाकारायचा हक्क त्या दुसऱ्या कैद्यालाही आहे, ज्याचं नाव तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

तुरुंगाबाहेर मात्र अजून काम बाकी आहे. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या आजही येतात. त्या बातमीत मेलेल्यांची आडनावं वाचा, जात वेगळी विचारावी लागत नाही. आपल्या सोसायटीची टाकी साफ करायला मशीन येतं की माणूस उतरतो, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलं आहे?

पुढच्या वेळी गावी जाताना पालीवरून कणकवलीकडे गाडी वळली, तर वाटेत गोपुरीला थोडा वेळ थांबा. एका प्राध्यापकाने नोकरी सोडून कोकणात काय केलं, ते तिथे कळेल.